हरणी आधी वैशूकडे जायची

मला टाइप वन मधुमेह आहे हे कळायच्या आधीचे काही आठवडे मी माझ्या धाकट्या बहिणीच्या पाण्याच्या बाटलीवर जळत होते.

आम्ही दोघी तेव्हा लातूरला एका खोलीत राहायचो. पप्पा नांदेडला शाळेत शिक्षक, आई घरी. वैष्णवी, म्हणजे वैशू, माझ्याहून वर्षानं लहान. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला माझे मार्क कमी पडले, म्हणून मी रिपीटर झाले आणि त्याच वर्षी तिनं मला येऊन गाठलं. सकाळी दोघी सारख्याच बाटल्या भरून क्लासला निघायचो. तिची बाटली दुपारपर्यंत अर्धी राहायची. माझी पहिल्याच तासात रिकामी. मग तिचीही मीच प्यायची, आणि पुन्हा तहान. जितकं पाणी तितक्या वेळा बाहेर जाणं आलं. शेकडो पोरं खेटून बसलेल्या हॉलमधून सगळ्यांचे गुडघे ओलांडत जायचं. एकदा सर माइकवरून म्हणाले, "रिपीटर लोकांना आतल्यापेक्षा बाहेरचंच जास्त आवडतं." सगळा हॉल हसला. वैशू हसली नाही, पण तिनं वहीतून मान वर काढली नाही.

मी वाळत चालले होते. सलवारीची नाडी रोज घट्ट. मेसवाल्या काकू म्हणायच्या, "टेन्शननी वाळून राहिलीस गं, पोळी घे अजून एक." लातूरला सगळीच पोरं वाळतात, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. फळ्यावरचं धूसर दिसायला लागलं तेव्हा वाटलं, चष्मा लागला असेल. टेस्टमध्ये माझा नंबर खाली जात होता आणि वैशूचा वर. रात्री ती पडल्या पडल्या झोपायची. मी उठून उठून बाथरूमला जायची आणि येताना तिच्याकडे बघायची. एवढं शांत कुणाला झोपता येतं?

एका रविवारी टेस्टच्या आधी मला उलट्या सुरू झाल्या. मी वैशूला म्हटलं, "तू जा, पेपर दे." ती दप्तर पाठीला लावून दारापर्यंत गेली, परत आली, तिनं मला उचलून ऑटोत घातलं. दवाखान्यातले डॉक्टर माझ्या तोंडाजवळ वाकले, श्वासाचा वास घेतला आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावला. आकडा आलाच नाही. मशीनवर नुसतं 'हाय' आलं.

"हाय म्हंजे?" वैशूनं विचारलं. "काय हाय?"

डॉक्टर आमच्याच भागातले असावेत. ते म्हणाले, "साखर हाय. लई हाय. मशीनला मोजता न येण्याएवढी."

या वाक्यावर मी पुढं किती वेळा हसले असेन. त्या दिवसाचं मला फक्त एवढं आठवतंय की वैशूचा हात माझ्या हातात होता, गरम आणि कोरडा, आणि मला वाटलं, हिच्या बोटाला पण टोचून बघा ना.

*

अतिदक्षता विभागात काचेपलीकडं घरची माणसं दिसायची. हाताला सलाईन, ठरलेल्या वेळी बोटाला टोचणं, लघवीचं मोजमाप. ओठ कोरडे पडायचे तर एक मावशी ओला कापूस फिरवून जायच्या. नंतर त्यांनीच माझ्या जटा झालेल्या केसांना तेल लावून वेणी घातली. त्यांचं नाव मी विचारलं नाही. आजारपणात अशी माणसं भेटतात, की ज्यांचा हात आठवतो, नाव राहून जातं.

आई एसटीनं आली ती चप्पल बदलायची विसरून, घरातल्याच स्लिपरवर. आईचं माहेर निलंग्याकडचं. भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. घराच्या दगडांखाली तिचा धाकटा भाऊ गेला, ती जिवंत निघाली. त्यानंतरचं तिचं सगळं मोजमाप एकच. माझ्या कपाळावर हात ठेवून तिनं डॉक्टरांना विचारलं, "जित्ती हाय ना माझी लेक? मग बास."

पप्पांचं बास होत नव्हतं. "इन्शुलिन किती महिने घ्यायचं?"

"जन्मभर, सर."

"म्हणजे समजा, पथ्य कडक पाळलं तर?"

"जन्मभर. शरीरातलं इन्शुलिन संपलंय. पोरीनं काही खाल्ल्यामुळं झालेलं नाही आणि न खाल्ल्यानं जाणारही नाही."

पप्पा तिसऱ्यांदा विचारायला निघाले होते, पण आईनं त्यांची बाही धरली.

काचेपलीकडं वैशू बाकावर बसून गणितं सोडवत होती. मधेच तिनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि न बघता, न मोजता, एकामागून एक खात राहिली. मी तिच्याकडं टक लावून बघत होते. आम्ही एकाच मेसचं वरण खाल्लं, एकाच खोलीतली हवा घेतली, एकाच आईबापाच्या पोटी आलो. मग माझंच शरीर कामून?

हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात येतो. तुमच्याही येईल, किंवा आला असेल. त्याला उत्तर नसतं हे डॉक्टर लवकर सांगतात. तो प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर परत येतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

*

मी नांदेडला घरी परतले. परीक्षा दिली नाही. वैशूनं दिली आणि ती नांदेडच्याच सरकारी मेडिकलला लागली. घरात पेढे आले. आईनं मला अर्धा दिला, उरलेला अर्धा हातात धरून ती बघत राहिली, मग स्वतःच्या तोंडात टाकला. लातूरच्या क्लासनं चौकात मोठं होर्डिंग लावलं, त्यात खालच्या ओळीत वैशूचा फोटो होता. पप्पांनी त्याचा फोटो काढून आणला आणि सगळ्यांना पाठवला. मलाही पाठवला. मी घरातच होते.

मी बीसीए घेतलं. दिवसातून चार वेळा इंजेक्शन, त्याहून जास्त वेळा बोटाला टोचणं. मुखेडची आत्या आली की म्हणायची, "आधी धाकटीचं बघा, मोठीचं जमंल तवा जमंल." दुसऱ्या एका नातेवाइकांनी झाडपाल्याची पूड आणली आणि इंजेक्शन बंद करायला सांगितलं. आईनं ती पूड तुळशीत ओतली. टाइप वनमध्ये इन्शुलिन बंद करायला सांगणारा माणूस किती का जवळचा असेना, त्याचं ऐकू नका. या सगळ्या लिखाणात सल्ला म्हणून एवढा एकच देते.

वैशू संध्याकाळी कॉलेजातून आली की ताटात भात किती वाढला हे न बघता जेवायची. एक दिवस तिनं अभ्यासासाठी स्वादुपिंडाचं चित्र काढलं, रंग भरले, खाली नावं लिहिली आणि मला दाखवायला आणलं. "ताई, बघ. इथं असतं इन्शुलिन." प्रेमानंच आणलं होतं. मी म्हटलं, "छान आहे. तुझं आहे ना, सांभाळून ठेव." ती चित्र घेऊन गेली. पुन्हा कधी तिनं मला अभ्यासातलं काही दाखवलं नाही.

*

मोबाइलवरच्या गेममध्ये मी शिरले ती याच दिवसांत. चार जणांची टोळी करायची, बेटावर उतरायचं, शेवटपर्यंत टिकायचं. तिथं माझं नाव 'जिलेबी' होतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी आजारी आहे हेही नाही. हेडफोनमधून येणारा माझा आवाज आणि माझा नेम, एवढंच त्यांना माहीत. माझ्या टोळीचा म्होरक्या देगलूरचा इरफान. बापाच्या टायरच्या दुकानात बसून खेळायचा, मागं पंक्चर काढल्याचे आवाज यायचे. तो म्हणायचा, "जिलेबी असली की जान में जान हाय."

नांदेडला एका मंगल कार्यालयात गेमिंगचा मेळा भरला तेव्हा आम्ही पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो. जिथं नवरानवरी बसतात त्या स्टेजवर टेबलं, खुर्च्या, मागं मोठा पडदा. खुर्च्यांवर पोरंच पोरं. मी स्टेजवर चढले तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, जिलेबी तर पोरगी हाय!" मला ते आवडलं. फार दिवसांनी लोक माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या नजरेत कीव नव्हती.

दुसऱ्या सामन्यात आम्ही वर होतो. मग काय झालं ते मला इतरांकडून कळलं. मी आमची जीप सरळ नदीत घातली आणि हसायला लागले. इरफान ओरडला, "जिलेबी, काय करून राहिली तू?" मी त्याला शिवी दिली, मोबाइल टेबलावर आपटला आणि खुर्चीतच घामानं भिजत बसून राहिले. सगळ्यांना वाटलं, पोरगी घमेंडी आहे. इरफाननं मात्र माझा हात धरून बघितला, तो थंडगार होता. तो धावत बाहेर गेला आणि थंड पेयाची बाटली आणून माझ्या तोंडाला लावली. त्याला वाटलं, गर्मीनं चक्कर आली. नकळत त्यानं नेमकं तेच केलं जे करायला हवं होतं.

साखर उतरली होती. पूर्वी उतरताना हात थरथरायचे, धडधड व्हायची, कळायचं. आता शरीरानं ते कळवणंच सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं. हाताला लावायचा सेन्सर असतो, तो उतरती साखर ओळखून वाजतो. परवडेल तेव्हा तो लावायचो. न परवडेल तेव्हा आई रात्री उठून माझं कपाळ चाचपायची. भूकंपापासून तिला तसंही सलग झोपायची सवय नव्हती.

*

तेव्हाच मी तो व्हिडिओ बघितला. परदेशातलं गेमिंगचं मोठं संमेलन, झगमगाट, आणि एका टेबलाशी माझ्याच वयाची मुलगी खेळतेय. तिच्या पायाशी लाल जॅकेट घातलेलं सोनेरी कुत्रं. खेळता खेळता कुत्र्यानं तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. तिनं दोन घोट रस प्यायला, कुत्र्याचं डोकं थोपटलं आणि पुन्हा खेळायला लागली. खाली लिहिलं होतं, तिला टाइप वन आहे आणि कुत्र्याला तिच्या उतरत्या साखरेचा वास येतो.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला, विचारू नका. तिच्या खेळाचं मला काही वाटलं नाही, मी तिच्याहून चांगली खेळते. पण तिच्या गुडघ्यावरचा तो पंजा माझ्या छातीत रुतला. वैशूला शरीर मिळालं, हिला कुत्रं मिळालं. मला काय?

जेवताना मी घरात सांगितलं, मला कुत्रं पाहिजे. पप्पा म्हणाले, "अपार्टमेंटमध्ये? आणि असली शिकवलेली कुत्री आपल्याकडं कोण देतं?"

आई ताट सरकवून म्हणाली, "आमच्या गावात त्या राती कुत्री आदूगर रडत होती. कुणी उठलं न्हाई. कुत्र्याला कळतं. आणू द्या तिला."

भूकंपाबद्दल आई कधी बोलत नसे. पप्पांनी पुढं वाद घातला नाही.

नांदेडच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये भटक्या कुत्र्यांचं आश्रयस्थान होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका ते चालवायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता मागचे पाय गेलेल्या एका कुत्र्याचं अंग पुसत होते. "बाई, इथं जे येतं ते ट्रकखाली येऊन येतं," ते म्हणाले. "ही स्वतःच आजारी. तुमचं दुखणं कोण बघंल?" तरी मी काही रविवार जात राहिले. एक काळं कुत्रं मला आवडलं, पण ते माणसाचा हात वर गेला की कोपऱ्यात जाऊन लघवी करायचं. एक पिल्लू हुशार होतं, त्याला दुसऱ्या एका कुटुंबानं नेलं. त्यांची मुलगी पिल्लू छातीशी धरून गाडीत बसली, तेव्हा मी तोंड फिरवलं.

मग वैशू म्हणाली, "लातूरला एक शेल्टर आहे म्हणे, तिथं जनावरांच्या डॉक्टर मॅडम आहेत. जाऊ या."

लातूरला मी आजारानंतर पहिल्यांदाच जात होते. चौकात होर्डिंगवर नवे चेहरे होते. एका भिंतीवर मात्र जुना फलक राहिला होता, उन्हानं उडालेला, त्यात वैशू ओळखू येत होती. तिनं तो बघितला, मीही बघितला.

डॉक्टर मॅडमनी वेडेपणा म्हणून उडवून लावलं नाही. त्यांनी पुण्याच्या एका प्रशिक्षकाला फोन लावून दिला. तो म्हणाला, खात्री देता येणार नाही, पण आपल्या गावठी कुत्र्यांची नाकं कमी नसतात. धीट बघा, खादाड बघा, आणि माणसाच्या मागं मागं करणारं बघा. आम्ही बोलत होतो तोवर एका हरणाच्या रंगाच्या, एक कान फाटलेल्या कुत्रीनं माझ्या पिशवीत तोंड घालून डबा उघडायचा प्रयत्न चालवला होता. मॅडम हसल्या. "ही निलंगा रोडवर सापडली. पाय मोडला होता, आता बरा आहे. खादाड म्हणाल तर हिच्यापुढं कुणी नाही."

आम्ही तिला हरणी म्हणायला लागलो.

*

शिकवायची पद्धत साधी होती, पण चिवटपणा मागणारी. साखर उतरली की मी कापसाचा बोळा जिभेवर, कपाळावर फिरवायचा आणि डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. मग साध्या कापसाच्या डब्या आणि ही डबी ओळीनं मांडायची. हरणीनं बरोबर डबी हुंगून पंजा मारला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आई मटाराच्या पिशवीशेजारी त्या डब्या बघून म्हणायची, "काय काय ठेवून राहिल्यात माय फ्रिजात," पण अंडी तीच उकडायची. आमच्या घरात त्याआधी अंडं शिजत नव्हतं.

खरी साखर उतरलेली असताना मला हरणीला बक्षीस देणं जमायचं नाही. डोकं चालायचं नाही, हात चालायचे नाहीत. म्हणून अंडं वैशू द्यायची. कॉलेजातून थकून आली तरी हरणीचा अभ्यास आधी घ्यायची. यातून पुढं काय होणार हे आमच्या ध्यानात आलं नाही.

एका दुपारी मी खाटेवर बसून खेळत होते. हरणी पायाशी होती. ती एकदम उठली, माझा हात हुंगला आणि मला सोडून स्वयंपाकघरात पळाली. वैशू चहा करत होती. हरणीनं तिच्या गुडघ्यावर पंजा मारला, पुन्हा पुन्हा मारला. वैशू मशीन घेऊन आली. साखर खरंच उतरली होती.

घरात केवढा आनंद! पप्पांनी हरणीला नमस्कार केला. आई रडली. मी ग्लुकोजचं पाणी पीत हसत होते आणि आतून पेटले होते. वास माझा. घाम माझा. आजार माझा. आणि पंजा तिच्या गुडघ्यावर.

पुढंही तसंच होत राहिलं. प्रशिक्षक म्हणाला, "चांगलंच आहे की. जो मदत करू शकतो त्याला कुत्रं उठवतं." मला ते पटत होतं. पटणं आणि पचणं यांत फरक असतो. संध्याकाळी वैशूच्या स्कूटीचा आवाज आला की हरणी दारात उभी. मी दिवसभर घरात असायची, मला ती शेपटी हलवून एकदा बघायची, बस. मी तिला चोरून अंडं दिलं, पनीर दिलं. ती खायची आणि जाऊन वैशूच्या चपलेवर डोकं ठेवायची.

*

हैदराबादच्या मोठ्या गेमिंग संमेलनाला आमच्या टोळीची निवड झाली तेव्हा घरच्यांची एकच अट होती, वैशू बरोबर जाईल. ती तेव्हा इंटर्नशिप करत होती, सुट्टी काढून आली. देगलूरहून इरफान गाडी घेऊन आला, तीत हरणीलाही घेतलं. आयोजकांना आधी विचारलं होतं, ते म्हणाले होते, बघू.

दारावरच्या माणसानं बघितलं आणि मान हलवली. "कुत्ता नहीं." वैशूनं त्याला इंग्रजीत समजावलं, हिंदीत समजावलं. त्यानं वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबानंही मान हलवली. शेवटी वैशू म्हणाली, "ताई, तू जा. हाताला सेन्सर आहे ना? मी हिला घेऊन बाहेर थांबते."

आतलं जग मी कसं सांगू! छतापर्यंत पडदे, तलवारी-चिलखतं घालून फिरणारी माणसं, निळे-जांभळे केस, कानठळ्या बसवणारा आवाज. दोन अनोळखी मुलींनी मला थांबवलं, "तू जिलेबी ना? नांदेडवाली?" आणि माझ्याबरोबर फोटो काढला. आम्ही पहिले दोन सामने जिंकलो. तेवढा वेळ मी आजारी नव्हते, कुणाची मोठी बहीण नव्हते, होर्डिंगवर नसलेली मुलगी नव्हते.

जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आले. पार्किंगच्या टोकाला कडुनिंबाखाली वैशू मांडी घालून बसली होती, मांडीवर हरणीचं डोकं, हातात पीजीच्या परीक्षेचं जाड पुस्तक. हरणीनं मला बघितलं आणि उठलीसुद्धा नाही.

"घे," मी म्हटलं. "हे पण तुझंच झालं."

"काय?"

"कुत्रं. मी शोधलं, मी रविवार रविवार त्या शेडमध्ये घाण तुडवली, माझ्या घामाच्या डब्या केल्या. आणि झालं कुणाचं? सगळं तुझंच होतं, वैशू. क्लास तुझा, कॉलेज तुझं, अख्खं शरीर तुझं. माझं म्हणून एक कुत्रं पाहिजे होतं."

वैशूनं पुस्तक मिटलं. ती ओरडत नाही कधी. त्या दिवशी ओरडली. "माझं शरीर तुला दिसतं, ताई. तुझ्या आजारानंतर या घरात कुणी मला विचारलं का, जेवलीस का? आई दारातच विचारते, ताईची साखर किती. मी पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाले, माहिती हाय का तुला? कुणालाच माहिती न्हाई. विचारलंच न्हाई कुणी. तुझ्यासाठी आई रात्री उठते. मी जागी असते तेव्हा. मी ऐकत असते, इकडं पण येईल का म्हणून. तुझा हेवा वाटून वाटून मी अर्धी झाले, आणि तू मला शरीर दाखवून राहिलीस?"

मला बोलायचं होतं. फार कडू काहीतरी बोलायचं होतं. पण शब्द सापडेनात, आणि हरणी मधेच उठून वैशूच्या गुडघ्यावर पंजे मारायला लागली. वैशू रडत रडत खाली बसली, माझा हात ओढला, बोटाला टोचलं. दंडावरचा सेन्सर गर्दीत कधीतरी उखडून गेला होता, मला कळलंही नव्हतं. आकडा बघून तिनं ग्लुकोजची पुडी दातांनी फाडली आणि माझ्या तोंडात ओतली.

आम्ही तिघी कडुनिंबाखाली बसून राहिलो. हळूहळू जग जागेवर आलं.

वैशूनं नाक पुसत विचारलं, "आत्ता जे बोललीस ते साखरेनं बोललीस का तू?"

खोटं बोलायची ती सोयीची जागा होती. मी म्हटलं, "मीच बोलले."

"मी पण मीच बोलले," ती म्हणाली. मग पिशवीतून डबा काढला. "जेव आधी. जेवलीस का तू?"

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पोळीचे दोन तुकडे केले. दुपारच्या सामन्यात आम्ही लवकरच हरलो. इरफान म्हणाला, "जाने दे, बिर्याणी तरी खाऊन जाऊ." वैशूनं माझ्यासाठी भाताचा अंदाज घेतला आणि स्वतः कधी नव्हे ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

*

त्या भांडणानं हेवा गेला असं मी लिहिणार नाही. फक्त आता आम्हा दोघींना एकमेकींचा माहीत आहे, आणि माहीत असलेल्या गोष्टीची भीती थोडी कमी होते. आईला मी वैशूच्या नापास होण्याचं सांगितलं, तिच्या परवानगीनं. आईनं निवडत होती ती भाजी बाजूला सारली. मग उठून वैशूच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

पुढं वैशूला पीजीला नागपूर मिळालं. ती गेली त्या दिवसापासून हरणी दारात बसून राहिली. खाणं सुटलं. जिन्यात पाऊल वाजलं की कान उभे, मग पुन्हा खाली. अंडं तसंच सुकायचं. मला तिची दया यायची आणि वैशूचा रागही. इतकी वाट माझी कोण बघेल?

मी प्रशिक्षकाला फोन केला. तो म्हणाला, पहिल्यापासून शिकवा, आता अंडं तुमच्या हातचं. साखर थोडी उतरलेली असतानाच मशीनवर बघून बक्षीस द्या, डोकं जाईपर्यंत थांबू नका. मी पुन्हा डब्या मांडल्या. सेन्सर सलग लावला. हरणी डब्या ओळखायची, पंजाही मारायची, पण तो डबीवर. माझ्याकडं यायची नाही. मी चिडायची, रडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची.

परवा दुपारी मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होते. आई खाली भाजी घ्यायला गेली होती. हरणी दाराशी पडली होती. ती उठली, माझ्या खुर्चीपर्यंत आली, हात हुंगला. मग नेहमीसारखी वैशूच्या खोलीकडं पळाली. खोली रिकामी. स्वयंपाकघरात गेली, तिथंही कुणी नाही. दाराशी जाऊन एकदा भुंकली. मी सगळं बघत होते, हाक मारली नाही. हरणी परत आली. माझ्यासमोर उभी राहिली, फाटका कान मागं पाडून माझ्याकडं बघितलं, आणि पुढचा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

सेन्सर त्यानंतर थोड्या वेळानं वाजला.

मी साखर खाल्ली, हरणीला अंडं दिलं, बोटाला टोचून खात्री केली. साखर जागेवर आली तसा वैशूला फोन लावला. ती वॉर्डमध्ये होती, बाजूला येऊन बोलली.

"वैशू, हरणी आज माझ्याकडं आली."

"म्हणजे?"

"आधी तिनं तुला शोधलं. मग माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. माझ्या."

ती म्हणाली, "भारी झालं, ताई." आवाज जरा जड होता. "मला विसरली म्हणायची लबाड."

"रडून राहिलीस का?"

"सर्दी झालीये मला. ठेव, राउंड सुरू झाला."

फोन ठेवला. खरं सांगते, त्या जड आवाजाचं मला फार बरं वाटलं. मी हरणीला अंड्याचा आणखी एक तुकडा दिला, आणि संध्याकाळी वैशूला परत फोन करून विचारलं, जेवलीस का.